भाऊजी, गादीवर कोण होतं?

भाऊजी, तुम्ही गेल्याच्या तिसऱ्या दिवशी ताईनं मला एक प्रश्न विचारला आणि तेव्हापासून मी तुमच्यावर चिडून आहे. रडणं झालं, अजूनही होईल. पण चिडण्याचं कारण वेगळं आहे. ज्याचं उत्तर तुम्ही द्यायचं, तो प्रश्न माझ्या गळ्यात टाकून तुम्ही निघून गेलात.

घर पाहुण्यांनी भरलं होतं. ओसरीत बाया, अंगणात माणसं, चुलीवर मोठ्या गंजात चहा. मी मागच्या न्हाणीपाशी कपबशा विसळत होते. ताई येऊन शेजारी बसली. तिच्या हातात काहीच काम नव्हतं. तशी रिकाम्या हातानं बसलेली ताई मी कधी पाहिली नव्हती. इकडेतिकडे बघून ती हळूच म्हणाली, "कुंदे, खरं सांगजो. मी त्यायच्या आड आली का?"

"कशाच्या आड?" मला कळलं होतं, तरी मी विचारलं.

"देवाच्या." ती माझ्याकडे न पाहता बोलत होती. "तुमी दोघं येवढे वर्सं ओसरीत बसून भांडत व्हते. घर म्हणजे मोह, बायको म्हणजे मोह. मी भाकरी टाकत व्हती, बहिरी नव्हती. त्यायले आश्रमात राहाचं व्हतं, मंग माह्याशी लगन झालं. तुले सगळं सांगत ते. त्यायच्या मनात ते राहून गेलतं का?"

"काहीतरीच काय ताई," असं मी म्हटलं. हे उत्तर नव्हतं आणि ते तिला कळलं. पदरानं हात पुसत, म्हणजे कोरडेच हात पुसत, ती उठून आत गेली.

म्हणून मी हे लिहायला बसले आहे. तुमचा जन्म, तुमचं शिक्षण, तुमची शेती, हे सगळं शामराव सांगतीलच, वर मीठमसाला लावून. शेजार आणि मैत्री अशा दोन्ही नात्यांनी तो त्यांचा हक्कच आहे. मला फक्त आपला वाद कुठून कुठे गेला ते एकदा नीट आठवून पाहायचं आहे. त्यातून ताईला सांगण्यासारखं काही सापडलं तर बघावं, एवढंच. पण आठवायला बसलं की सगळा गोंधळ होतो. कुठलं वाक्य तुमचं, कुठलं माझं आणि कुठलं पुस्तकातल्या त्या ग्रीक लेखकाचं, तेच मला आता सांगता येत नाही.

ते पुस्तक माझ्याकडे कसं आलं ते तुम्हाला ठाऊकच आहे, पण तुम्ही ते प्रत्येकाला वेगळंच सांगायचात. आणीबाणीच्या आधीची गोष्ट. तुमच्याकडून मी वर्ध्याला परत येत होते. पवनारला एक परदेशी तरुण यष्टीत चढला, आश्रमात महिनाभर राहून निघालेला, पायात टायरच्या चपला. पिशवी जड झाली होती म्हणून त्यानं ती हलकी करायला घेतली आणि एक जाडजूड इंग्रजी कादंबरी माझ्या मांडीवर ठेवून स्टेशनवर उतरून गेला. ग्रीक लेखक, इंग्रजी भाषांतर, गोष्ट येशूची. तुम्ही शामरावांना सांगितलंत की आमच्या कुंदाला ग्रीसहून पुस्तक आलं. शामराव कितीतरी वर्षं मला विचारायचे, "मॅडम, तिकडचं काय म्हणते पावसापाण्याचं?"

वर्ध्याजवळ सिंदी मेघे इथल्या माझ्या खोलीत मी ते पुस्तक दोनदा वाचलं. मी तेव्हा मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि देव हा विषय माझ्यापुरता संपलेला होता. निदान मी तसं सगळ्यांना सांगायचे. ग्रीकानं मला हलवलं ते वेगळ्याच कारणानं. तो देवाला नाकारतही नव्हता आणि देवापुढे हातही जोडत नव्हता. देवाशी कुस्तीच खेळत होता म्हणा ना. मला वाटलं, हे पुस्तक भाऊजींना द्यावं, चांगली गंमत होईल. कारण तेव्हा तुम्ही गावातल्या सायंप्रार्थनेचे प्रमुख झाला होतात आणि तुमचं बोलणं फार गोडगोड व्हायला लागलं होतं. पोळ्याला आले तेव्हा पुरणपोळीच्या ताटाशेजारी मी ते पुस्तक ठेवलं. "हे वाचा," म्हटलं, "मग सांगा तुमच्या गादीवर कोण बसतं ते."

ही गादी म्हणजे काय, ते आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. देवळासमोरच्या सभामंडपात रोज संध्याकाळी सगळं गाव रांगेनं बसायचं, एकीकडे पुरुष, एकीकडे बाया. समोर चौरंगावर गादी, मागे लोड, त्यावर खादीची पांढरीशुभ्र चादर आणि पुढे उदबत्ती. गादीवर मूर्ती नाही, तसबीर नाही, काहीच नाही. सगळ्या धर्मांच्या माणसाला प्रार्थनेला बसता यावं म्हणून ती रिकामी ठेवायची, अशी आपल्याकडची रीत. प्रार्थनेआधी तुम्ही स्वतः चादर उचलून झटकायचात, पुन्हा अंथरून चारी कोपरे ओढून घ्यायचात. हे काम तुम्ही दुसऱ्या कोणाला करू दिलं नाहीत. ताई म्हणायची, घरातली चादर कधी झटकली असती तर मीही प्रार्थनेला बसले असते.

पुस्तक तुम्ही वाचलंत ते कापूस खरेदीच्या रांगेत. त्या वर्षी बैलबंड्यांची रांग पार रस्त्यावर आली होती. बैल सोडलेले, माणसं बंडीखाली झोपलेली आणि तुम्ही कापसाच्या ढिगावर बसून, मांडीवर शब्दकोश घेऊन ग्रीक वाचत होतात. रांगेतले लोक समजले, तुम्ही सरकारी भावाचं परिपत्रक वाचताय. दोघं-तिघं येऊन विचारूनही गेले. घरी आलात ते अंगभर कापसाच्या पुंजक्यांसकट, आणि मी नेमकी तिथेच होते. पाणीसुद्धा न घेता तुम्ही म्हणालात, "कुंदा, हा माणूस बरोबर सांगून राह्यला. देव अडचणीत आहे."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत.

"आपण त्याले रोज मागून राह्यलो," तुम्ही म्हणालात. "पाऊस दे, भाव दे, पोराले नोकरी दे. आणि तो खाली दरीत अडकलेला. हात मागून राह्यला. आपणच त्याले वर काढाचं आहे. असं कोणी सांगतलंच नव्हतं मले."

मला वाटलं होतं, पुस्तक वाचून तुमची श्रद्धा डळमळेल. ती उलट पेटलीच. पण पेटली ती अशी की तिला श्रद्धा म्हणावं का हे मला कळेना. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेनंतर तुम्ही उभं राहून गावाला विचारलंत, आपण देवाकडून काय घेतो ते सगळ्यांना माहीत आहे, देवाला काय पाहिजे हे कोणी विचारलं का? शेवटी शामराव म्हणाले, "भाऊ, देवाले काय कमी आहे? त्याचं तर सगळंच आहे." तुम्ही म्हणालात, "तेच तर पाहाचं आहे." झालं. पुढचे आठ दिवस गावात चर्चा, की भाऊ देवासाठी वर्गणी काढणार आहेत.

तेव्हापासून ग्रीकबुवा आपल्या घरचेच झाले. ग्रीकबुवा हे नाव तुमचंच. मी शनिवारी आले की तुम्ही ओसरीत वाट पाहत बसलेले असायचात. बायकोच्या बहिणीची वाट कोणी देवाबद्दल भांडायला पाहत नसेल. भाऊजी, मी लग्न केलं नाही. या जिल्ह्यात जिथे जाईन तिथे लोकांना माझ्याबद्दल एकच गोष्ट विचारायची असायची. तुम्ही ती कधीच विचारली नाहीत. तुम्ही विचारायचात, आशा सोडल्याशिवाय माणूस मोकळा होत नाही असं ग्रीकबुवा म्हणतात, ते तुला पटतं का? मी बसमध्ये येतानाच याचं उत्तर जुळवत यायचे. माझ्या डोक्याला इतका मान दुसऱ्या कुणी दिला नाही. हे तुम्हाला तोंडावर सांगायचं राहिलं.

आशेवरून तर आपण एक अख्खा उन्हाळा भांडलो. ग्रीकाचं म्हणणं, भीती टाकून देणं सोपं, आशा टाकून देणं कठीण, आणि तीही टाकली की मगच सुटका. मला ते फार भारी वाटायचं. तुम्ही म्हणालात, "तुह्या ग्रीकबुवानं कधी सरकी टोबली नसन. मातीत बी टाकाचं आणि आशा नाई करायची, हे कसं जमन?" मी म्हटलं, मग निष्काम कर्म वगैरे रोज मंडपात कशाला सांगता? तुम्ही डोकं खाजवलंत आणि म्हणालात, "तिथं निदान फळ कोणाच्या तरी पायाशी ठेवाचं असते. ह्याच्याजवळ तर पायच नाईत." दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मात्र तुम्ही सांगितलंत, पाय नाहीत हेच बरं. आता सांगा, या माणसाचं मत काय होतं म्हणून मी ताईला सांगू?

आणि मग तो घराचा विषय. तोच मुळाशी आहे.

ग्रीकाच्या येशूला शेवटचा मोह पडतो तो राज्याचा नाही की सोन्याचा नाही. साध्या घराचा पडतो. बायको, लेकरं, अंगण, हातात कामाची हत्यारं, हळूहळू येणारं म्हातारपण. पुस्तकाचा तो भाग वाचून झाला त्या शनिवारी तुम्ही फार अस्वस्थ होतात. लग्नाआधी तुम्ही पवनारच्या आश्रमात राहायला गेला होतात, हे मला ताईकडून माहीत होतं. सूत कातायचात, शेतात खपायचात, कायमचं राहायचं ठरत आलं होतं. मग थोरले भाऊ गेले, तुमचे वडील धाम नदीच्या काठाकाठानं चालत आश्रमात आले आणि काही न बोलता फाटकापाशी बसून राहिले. तुम्ही पिशवी घेऊन त्यांच्या मागे निघालात. पुढच्या वर्षी लग्न.

त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "ग्रीकबुवानं बरोबर ओळखलं, कुंदा. माणूस पापानं अडकत नाई. चांगल्या गोष्टीनं अडकते."

मी भडकले. म्हटलं, ही चांगली गोष्ट आत चुलीपुढे धुरात बसली आहे, तिला मोह म्हणताना लाज वाटत नाही? देवाच्या वाटेवरच्या प्रत्येक पुरुषाला बाई म्हणजे धोंडाच का दिसते? त्या धोंड्याला कोणी विचारलं का, की बाई, तुला कुठे जायचं होतं? तुम्ही ऐकून घेतलंत. ताईनं आतून विचारलं, ठेचा वाढू का? तुम्ही म्हणालात, वाढ. वाद तिथेच थांबला आणि आपण जेवलो. ताईनं जे ऐकलं ते त्या दिवसाचं असणार. पण त्यानंतर किती वर्षं आपण बोलत होतो, भाऊजी! ती पुढची वर्षं तिनं ऐकलीच नाहीत का?

कारण नंतर सगळं उलटंपालटं झालं. कधी, ते मला नक्की सांगता येत नाही. आई गेली त्यानंतर असेल. मी माझ्या खोलीत, शेजारणीनं दिलेल्या पितळी समईत, रोज संध्याकाळी वात लावायला लागले. कोणासाठी ते मला माहीत नव्हतं. तुम्हाला कळलं तेव्हा मी ओशाळले, पण तुम्ही चिडवलं नाहीत. उलट तुम्हीच म्हणालात, "मी तर आता काहीच लावत नाई." मी म्हटलं, मग रोज चादर कशाला झटकता? तुम्ही म्हणालात, "कोणी नाई बसत तिथं. मले पक्कं मालूम झालं. कोणी नाई. तरी धूळ बसतेच ना."

त्यावर मी तुमच्याशी इतकी भांडले! मी, विज्ञानाची मास्तरीण. म्हटलं, कोणीतरी असलं पाहिजे. नाहीतर आई कुठे गेली? तुम्ही म्हणालात, असलं पाहिजे म्हणून असते, असं कुठं आहे? हे वाक्य तर दहा वर्षांपूर्वी मी तुम्हाला ऐकवलं होतं. आपण एकमेकांच्या जागी जाऊन बसलो होतो, आणि दोघांनाही पत्ता नव्हता.

त्याच सुमारास गावात टीव्ही आला. रविवारी सकाळी पौराणिक मालिका लागली की शामरावांच्या ओसरीत सगळं गाव चपला काढून बसायचं. टीव्हीला हार, समोर नारळ. मला वाटलं, तुम्ही यावर जोरदार बोलाल. तुम्ही मागे भिंतीला टेकून बसला होतात आणि पडद्याकडे न बघता लोकांच्या तोंडाकडे बघत होतात. परत येताना मी म्हटलं, तुमची रिकामी गादी आता कोण पाहणार? तुम्ही म्हणालात, "लोकायले तोंड पायजे, कुंदा. रिकाम्या जागेकडे किती वेळ पाहाचं? डोये दुखते." यात राग होता की दया होती, की तुमचेच डोळे दुखत होते, हे मी तेव्हा विचारलं नाही.

घराबद्दलही असंच. अलीकडे मीच म्हणायला लागले होते की ग्रीकबुवा बरोबर होते. मला खोलीत एकटीला राहून वाटायचं, बरं झालं, आपण त्यात अडकलो नाही, आता तरी वर चढता येईल. तुम्ही मान हलवायचात. नाही, नाही, तसं नाही. मग कसं? ते तुम्हाला सांगता यायचं नाही. तुम्ही शब्द शोधायचात आणि बाहेर बघत बसायचात. शेवटची भेटही तशीच. मला पवनारच्या थांब्यावर पोचवायला आला होतात. मी सरळच विचारलं, "भाऊजी, वडील आले म्हणून तुम्ही आश्रमातून निघालात, हे समजलं. पण वडील गेले, पोरं मोठी झाली, आश्रम तर समोरच आहे, नदीपलीकडे. मग परत का नाही गेलात?" तुम्ही तोंड उघडलंत. तेवढ्यात बस आली. "चढ, जागा भेटणार नाई," म्हणालात. मी खिडकीतून पाहिलं तर तुम्ही थांब्यावर उभं राहून हसत होतात. मला ते हसू अजूनही लावता आलेलं नाही.

आणि मग तुम्ही गेलात तेही कुठे? घरी नाही, आश्रमात नाही. शामरावांबरोबर संत्र्याची कलमं पाहायला निघालात आणि कारंज्याच्या ढाब्यावर, ट्रकवाल्यांच्या गर्दीत, खाटेवर जरा आडवे झालात. पहिल्या दिवशी शामराव ढसाढसा रडत सांगत होते, "भाऊ म्हणे, चाय थंडा झाला, दुसरा सांग. मी सांगाले गेलो आणि आलो तं..." हे मी माझ्या कानांनी ऐकलं. पाचव्या दिवशी चहा गोष्टीतून गेला होता. तेरवीपर्यंत तुम्ही हात जोडून देवाचं नाव घेतलं होतं. मी शामरावांना हटकलं नाही. ते खोटं बोलत नव्हते हो. त्यांना तसंच आठवत होतं. आणि खरं सांगू, मला त्यांचा हेवा वाटला.

तेरवीच्या संध्याकाळी प्रार्थना ठेवली होती. मी ताईला घेऊन मंडपात शिरले आणि जागच्या जागी थांबले. गादीवर तुम्ही होतात. पोराच्या लग्नातला तो फोटो, फेटा बांधलेला, मोठा करून चौकटीत घालून लोडाला टेकवून ठेवलेला, वर झेंडूचा हार. सगळं गाव समोर रांगेनं बसलेलं. ज्या माणसानं ती जागा आयुष्यभर रिकामी राखली, त्यालाच गावानं तिच्यावर बसवलं होतं. आणि किती प्रेमानं! चादरीचे चारी कोपरे नीट ओढलेले होते.

शामराव माझ्याजवळ आले. माझं तोंड पाहून त्यांना शंका आली असावी. "मॅडम, चुकलं का काही? आज रिकामं बरं दिसत नव्हतं. भाऊचीच तं जागा आहे ते. तुमी शिकेल आहा, तुमी सांगा. ठेवू का काढू?"

मला सांगता येईना, भाऊजी. तिथे निराकार देव बसतो म्हणून ती रिकामी असेल, तर फोटो ठेवणं चूक. तिथे कोणीच बसत नाही म्हणून रिकामी असेल, तर फोटो ठेवला काय आणि न ठेवला काय. आणि देव अडचणीत असेल, त्याला आपणच वर काढायचं असेल, तर मग कोण जाणे, तुमचाच फोटो तिथे बरोबर होता. सगळे माझ्याकडे बघत होते. गेली पंधरा-सोळा वर्षं मी याच विषयावर तुमच्याशी भांडले होते.

ताईच पुढे झाली. तिनं हार काढून शामरावांच्या हातात दिला आणि फोटो उचलून छातीशी धरला. "गादीवर बसनं त्यायले जमत नव्हतं," ती म्हणाली. "कंबर धरे त्यायची. घरीबी जमिनीवरच बसत." एवढं बोलून ती फोटो घेऊन घराकडे चालू लागली. रांगेतून कोणीतरी हसलं, कोणीतरी रडलं, शामराव हार घेऊन तसेच उभे. प्रार्थना सुरू झाली तेव्हा मी ताईच्या मागे निघाले होते.

ती स्वयंपाकघरात होती. फोटो पाटावर उभा केला होता आणि ती समोर बसली होती. मीही बसले. मंडपातला आवाज ऐकू येत होता. मग तिनं विचारलं, "तुह्या त्या पुस्तकातल्या देवाचं शेवटी काय झालं वं?"

मी सांगितलं. तो क्रुसावर असतो. त्याला घर दिसतं, बायको, पोरं, तो म्हातारा होतो, सगळं होतं. मग कळतं की हा मोह होता, आणि तो त्यातून परत येतो, क्रुसावरच. मोह जिंकून प्राण सोडतो. जमेल तेवढं सोपं करून सांगितलं.

तिनं पाटावरचा फोटो जरा सरळ केला. "म्हणजे घर त्याले सपनात दिसलं."

"हो, स्वप्नातच म्हणायचं."

"बायकोबी सपनातली?"

"तीही."

"हे तं जागे होते," ती म्हणाली. मग एकदम माझा हात धरला, आणि लहानपणी अंधारात धरायची तसा घट्ट धरला. "सकायी उठून, डोये उघडून, इथंच राह्यले. रोज. नदीच्या पल्याड आश्रम दिसे, तरी राह्यले. त्यायले कोणी बांधून ठेवलं नव्हतं. जागेपणी राह्यले ना वं ते, कुंदे? मनानं राह्यले ना?"

हे तिनं ठामपणे म्हटलं नाही, भाऊजी. ती मला विचारत होती. आणि माझ्याजवळ काय होतं? थांब्यावरचं एक हसू. एक मान हलवणं. दर शनिवारी बदलणारी तुमची मतं. यातलं काहीही मी वर्गातल्या मुलींना पुरावा म्हणून स्वीकारू दिलं नसतं. आशा टाकून द्या म्हणणाऱ्या ग्रीकबुवांच्या बाजूनं बोलायचं तर मी गप्प राहायला हवं होतं. खरं ते माहीत नसेल तर बोलू नये, हे तर मीच तुम्हाला कितीदा सुनावलं होतं.

मी म्हटलं, "हो ताई. मनानं राहिले."

तिनं डोळे मिटले आणि माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. तेरा दिवसांत ती पहिल्यांदा अशी रडली.

भाऊजी, मी तिला हो म्हटलं आहे. तुम्हाला न विचारता, तुमच्या वतीनं. आता तुम्ही जिथे असाल, किंवा कुठेच नसाल, मला खोटं पाडू नका.